इंजिनाच्या आकृतीत हवा कुठे आहे?

पेट्रोल इंजिनाची चार चित्रांची आकृती आपण सगळेच फळ्यावर काढतो. दट्ट्या खाली-वर, झडपा उघड-बंद, ठिणगी, धूर. टप्प्यांचा क्रम समजायला ती चांगलीच आहे. पण मूठ पिळली की गाडी जोरात का पळते, याचं उत्तर तिच्यात सापडत नाही. मग मुलं स्वतःच ते जुळवतात : मूठ पिळली की जास्त पेट्रोल जातं. आपणही ते बरोबर धरतो.

हे उत्तर कारणाची साखळी उलटी करतं. कार्ब्युरेटर असलेल्या दुचाकीत मूठ उघडते ती हवेची वाट. तिथला पडदा, म्हणजे थ्रॉटल, वर सरकला की जास्त हवा आत शिरते. अरुंद जागेतून जाताना तिचा दाब वातावरणापेक्षा कमी होतो. खालच्या वाटीतल्या पेट्रोलवर मात्र वातावरणाचाच दाब असतो. तो पेट्रोल वर ढकलतो. पडद्याला जोडलेली निमुळती सुईही वर उचलली जाते आणि पेट्रोलचं प्रमाण हवेच्या बेताने राखते.

थोडं गणित करू. १०० घन सेंटिमीटरचं चार टप्प्यांचं इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असेल, तर ते दर दोन फेऱ्यांना एक असे ३००० श्वास घेतं. सिलिंडर दरवेळी पूर्ण भरला असं धरलं, तर हवा ३०० लिटर, म्हणजे सुमारे ३६० ग्रॅम. वजनाने १५ भाग हवेला १ भाग पेट्रोल धरलं, तर पेट्रोल लागतं २४ ग्रॅम. जेमतेम दोन मोठे चमचे! चमचाभर पेट्रोल जास्त घालणं सोपं आहे, पण ते जाळायला ऑक्सिजन कुठला? म्हणून ताकद ठरते हवेवर.

‘मग भोकच मोठं करू’ असं एखादा चुणचुणीत मुलगा म्हणेल. व्यास २० मिलिमीटरचा २४ केला की क्षेत्रफळ ४४ टक्के वाढतं, पण सिलिंडर १०० घन सेंटिमीटरचाच राहतो. जास्त फेऱ्यांना थोडा फायदा होईलही. कमी फेऱ्यांना मात्र हवेचा वेग मंदावतो, दाबातला फरक घटतो आणि पेट्रोल नीट उडत नाही.

वर्गात सुई काढलेली सिरिंज पुरे. तोंड बोटाने जवळजवळ बंद करून दट्ट्या ओढायला सांगा, मग बोट काढून ओढायला सांगा. बोट म्हणजे थ्रॉटल.

भारत स्टेज ६ निकष १ एप्रिल २०२० पासून लागू झाले आणि नव्या दुचाकींतून कार्ब्युरेटर जवळपास गेला. आता पेट्रोल फवारणीने येतं, पण हवेचं दार कायम आहे. आपल्या आकृतीत ते दार काढायला एक रेघ पुरते. ती काढून मुलांना विचारावं : हे उघडलं तर आधी काय आत येईल?