गोदावरी : नाव, व्युत्पत्ती आणि माहात्म्य

जालना जिल्ह्याची दक्षिण सीमा गोदावरीने आखलेली आहे. अंबड, घनसावंगी व परतूर तालुक्यांतील काठावरचा शेतकरी मात्र तिला 'गंगा' म्हणतो आणि तिच्या लगतच्या पट्ट्याला 'गंगथडी'. 'गोदावरी' हे नाव नकाशात, पाठ्यपुस्तकात आणि पूजेच्या संकल्पात येते. या दुहेरी नामव्यवहाराचा उलगडा 'गायी देणारी ती गोदावरी' एवढ्या एका वाक्याने होत नाही.

या वाक्याचे मूळ सामान्यतः ब्रह्मपुराणातील गौतमीमाहात्म्यात शोधले जाते. ब्रह्मगिरीवर गौतमाच्या हातून गाय मृत होते, तो गोहत्येच्या दोषनिवृत्तीसाठी शिवजटेतील गंगा खाली आणतो. कथा रसाळ आहे. पण ती नावाचा पुरावा नव्हे. गौतमाशी जोडलेले खरे नाव 'गौतमी' हे होय, 'गोदावरी' नव्हे. कथेतील गाय मरते, नदी गायी 'देत' नाही. नाव आधी रूढ होते व त्यातील 'गो' या अक्षराने कथेत गाय आणली, असेच मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

व्याकरणाची साक्ष निराळी आहे. 'गोदा' म्हणजे गायी देणारी आणि 'वरी' म्हणजे श्रेष्ठ, हा प्रचलित विग्रह टिकत नाही. या अर्थी 'वर'चे स्त्रीलिंगी रूप 'वरा' होते. याउलट 'दावन्' (देणारा) या वैदिक शब्दाचे स्त्रीलिंग 'दावरी' होते, जसे 'पीवन्'चे 'पीवरी'. त्यामुळे 'गो-दावरी' हा विग्रह निर्दोष आहे. तथापि निर्दोष विग्रह म्हणजे इतिहास नव्हे. एखाद्या जुन्या देशी नामाला संस्कृत पेहराव चढवला गेला असण्याची शक्यता त्याने संपत नाही.

येथे गाथासप्तशतीचे साक्ष्य मोलाचे ठरते. प्रतिष्ठानच्या सातवाहन हालाच्या नावावर असलेल्या या प्राकृत संग्रहात नदीचे नाव 'गोला' असे येते. 'दोहद'चे 'दोहल' व पुढे मराठीत 'डोहाळे' झाले, तसाच हा द-ल बदल. तिथे ती माहात्म्याची नव्हे, स्नानाची, पुराची आणि प्रेमिकांच्या संकेताची नदी आहे. लोकव्यवहारात छोटे नाव चालत होते, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

युरोपातील डॅन्यूबचे उदाहरण तुलनेस घेण्यासारखे आहे. त्या नदीच्या खालच्या प्रवाहाला ग्रीक लोक 'इस्त्रोस' म्हणत. डॅन्यूब, डॉन, नीपर ही नावे वैदिक 'दानु' (द्रव, थेंब) व अवेस्तातील 'दानु' (नदी) यांच्याशी निगडित मानली जातात. हा निष्कर्ष एखाद्या कथेवर नव्हे, तर अनेक नद्यांच्या नावांतील ध्वनिसाम्यावर उभा आहे. मराठवाड्यात पूर्णा, दुधना, कुंडलिका यांची नावे अशी एकत्र ठेवून पाहण्याऐवजी 'दुधासारखे पाणी म्हणून दुधना' असे लिहून स्थानिक ग्रंथ पुढे सरकतात, हा त्यांचा मोठाच दोष होय.

'गंगा' हे नाव दक्षिणगंगेच्या कल्पनेतून आले असणार, म्हणजे तेही संस्कारितच. पण गंगाखेड, गंगापूर, गंगथडी अशी भूगोलाची नावे घडवण्याचे सामर्थ्य मराठवाड्यात त्यानेच दाखविले. 'गौतमी' मात्र 1465 किलोमीटरच्या प्रवाहाच्या दुसऱ्या टोकाला, आंध्रातील त्रिभुज प्रदेशातील एका शाखेचे नाव म्हणून आजही नांदते आहे.