बॅजटचा राजा व विंडसरचें दप्तर

वॉल्टर बॅजट याचा इंग्लंडच्या राज्यघटनेवरील ग्रंथ १८६७ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झाला. मर्यादित राजसत्तेविषयीं कांहीं लिहावयाचें झाल्यास अद्यापि प्रथम त्याचाच आधार घेण्याचा प्रघात आहे. प्रधानांनीं आपला सल्ला विचारावा, आपण त्यांस उत्तेजन द्यावें व प्रसंगीं इशारा द्यावा, हे तीनच हक्क राजाकडे उरले आहेत, असा त्याचा सिद्धांत. विवेचन सुबोध व भाषा पाणीदार आहे, याविषयीं आमचा वाद नाहीं. वाद आहे तो साधनांविषयीं.

बॅजटनें लिहिलें तेव्हां दरबारचा पत्रव्यवहार बंदिस्त होता. व्हिक्टोरिया राणीच्या पत्रांचे पहिले तीन खंड बेन्सन व ईशर यांनीं १९०७ सालीं छापले. त्यांत निराळें चित्र दिसतें. आपण एकदां मंजूर केलेल्या गोष्टींत पामर्स्टननें परस्पर फेरफार केल्यास त्यास बडतर्फ करण्याचा आपला हक्क आपण बजावूं, असें राणीनें ऑगस्ट १८५० मध्यें मुख्य प्रधानास स्पष्ट लिहिलें. ही भाषा केवळ इशाऱ्याची नव्हे. उलटपक्षीं, १८८० सालीं ग्लॅडस्टन नको असतांही राणीस त्यासच प्रधानपद द्यावें लागलें. तेव्हां बॅजटचा नियम पुढील काळास बराच लागू पडतो. त्याच्या स्वतःच्या काळाचें तें यथार्थ वर्णन नव्हे.

परंतु छापील खंडांवरही सर्वस्वी विसंबतां येत नाहीं. संपादकांनीं निवडक पत्रेंच घेतलीं. रोजनिशीची गत याहून शोचनीय. राजकन्या बीट्रिस हिनें ती आपल्या हातानें उतरून काढली, गाळावयाचें तें गाळलें, आणि अस्सल वह्या नष्ट केल्या. ईशरनें पूर्वींच करविलेली १८४० च्या आरंभापर्यंतची टंकलिखित प्रत सुदैवानें वांचली, म्हणूनच काटछाट केवढी झाली हें ताडून पाहतां येतें. पुढील साठ वर्षांस असा पडताळा नाहीं.

ही केवळ जुनी कथा नव्हे. तत्कालीन युवराज चार्ल्स यांनीं २००४-०५ मध्यें मंत्र्यांस लिहिलेलीं पत्रें न्यायालयाच्या निकालामुळें २०१५ सालीं बाहेर आलीं. परंतु २०१० च्या कायद्यानें राजा व युवराज यांचा असा पत्रव्यवहार माहितीच्या अधिकारांतून सर्वस्वी वगळला आहे.

ग्रंथ संग्रहीं अवश्य असावा. मात्र विंडसरचें दप्तर मोकळेपणें तपासतां येईपर्यंत बॅजटचें मत सिद्धांत म्हणून नव्हे, पूर्वपक्ष म्हणून वाचावें, अशी आमची वाचकांस विनंती आहे.