बोआचे ‘सहा महिने’ : एका प्रतिमेचे परीक्षण

फ्रेंच लेखक सँतेग्झ्युपेरी ह्याच्या ‘ल पती प्रँस’ (१९४३) ह्या कथेचा आरंभ बोआ सर्पापासून होतो. बोआ भक्ष्य न चावता गिळतो व ते पचेपर्यंत सहा महिने झोपून राहतो, असे निवेदकाने लहानपणी एका पुस्तकात वाचलेले असते. हत्ती गिळलेल्या बोआचे चित्र तो काढतो. मोठ्या माणसांना ती टोपी वाटते. बाह्याकृतीवर संतुष्ट राहणाऱ्या प्रौढ दृष्टीचा हा उपहास मार्मिक आहे खरा. परंतु ज्या विधानावर तो उभा आहे, ते विधानही बोआकडे बाहेरूनच पाहून केलेले आहे.

योग्य उष्णता मिळाल्यास बोआचे भक्ष्य काही दिवसांतच पचते. शिवाय हा काळ झोपेचा नव्हेच. बर्मी अजगरावरील प्रयोगांत, भोजनानंतर लहान आतड्याचे वजन सुमारे दुप्पट होते व चयापचयाचा वेग कित्येक पटींनी वाढतो, असे सेकर व डायमंड ह्यांनी १९९५ मध्ये दाखविले. बोआमध्येही ह्याच जातीचे बदल घडतात. निश्चल दिसणारे शरीर त्या वेळी सर्वाधिक राबत असते.

पिंजऱ्यातील बोआच्या बाबतीत ही चूक केवळ वाङ्मयीन राहत नाही. ‘सुस्त पडला आहे’ असे समजून भोजनानंतर त्यास हाताळले, पिंजरा थंड राहू दिला, किंवा भक्ष्य फार मोठे दिले, तर तो गिळलेले ओकून टाकतो. त्यावर दयेपोटी लगेच पुन्हा खाऊ घालणे तर अधिकच घातक. पाचकरस वाया गेलेले असतात, अन्ननलिका पोळलेली असते, आणि जठरास निदान दोन आठवड्यांची उसंत लागते. एवढे करूनही ओकणे थांबले नाही, तर रोगाची शंका घेणे प्राप्त होते.

नावातही आहाराविषयीचा भ्रम आहेच. इटलीतील बोआ गाईचे दूध पितो व त्यावरूनच त्याचे नाव पडले, असे प्लिनीने लिहिले. नागपंचमीस दुधाची वाटी पुढे करणाऱ्या समाजास ह्याचे नवल वाटू नये! पुढे लिनियसने १७५८ मध्ये ते नाव अमेरिकेतील सर्पास दिले. त्या मानाने ‘अजगर’, म्हणजे बोकड गिळणारा, हा शब्द वस्तुस्थितीस अधिक धरून आहे. तथापि मराठीत तो आळसाचा वाचक झाला. बोआ पिल्ले घालतो, अजगर अंडी. दोहोंची कुळे वेगळी. म्हणून ‘बोआ’साठी ‘अजगर’ योजणारा भाषांतरकार प्राण्याची जात तर बदलतोच, शिवाय मूळ कथेतील सहा महिन्यांच्या झोपेवर मराठी वाक्प्रचाराची मोहोरही उठवितो.