भस्मासुराचे इतिवृत्त

बदलीच्या ट्रंकेतून जी मोजकी मराठी पुस्तके आमच्यासवे हिंडली, त्यांत वि. ग. कानिटकर यांचा ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’ हा ग्रंथ आहे. पीण्या औद्योगिक क्षेत्रातील कचेरीत, शेजारच्या कारखान्यांची घरघर ऐकत, मधल्या सुट्टीत आम्ही तो पुन्हा हाती घेतला आणि या वेळी शीर्षकापाशीच अडलो.

भस्मासुराची प्रतिमा समर्पक आहे, यात शंका नाही. वर देणाराच संकटात सापडतो, हे तिचे मर्म. 1935 साली ब्रिटनने आपल्या आरमाराच्या 35 टक्के आरमार बाळगण्याची मुभा हिटलरला दिली. 1938 साली म्युनिक येथे सुडेटन प्रांत त्याच्या पदरात पडला. अखेर 30 एप्रिल 1945 रोजी त्याने स्वतःच्याच हाताने आपला अंत केला.

परंतु पुराणातील भोळ्या सांबाला असुराच्या मनातले कळले ते वर दिल्यानंतर. येथे मनातले आधीच छापून झाले होते. पूर्वेकडे, रशियाच्या भूमीवर, जर्मनांसाठी जमीन मिळवावयाची, हे हिटलरने 1925 व 1926 साली निघालेल्या आपल्या ग्रंथाच्या दोन खंडांत सांगितले होते. व्हर्सायच्या तहाची दुरुस्ती ही केवळ पहिली पायरी होती. पुढे 5 नोव्हेंबर 1937 रोजी त्याने सेनाप्रमुख व परराष्ट्रमंत्री यांच्यासमोर बेत मांडला: प्रथम ऑस्ट्रिया व चेकोस्लोव्हाकिया, आणि जमिनीचा प्रश्न उशिरात उशिरा 1943 ते 1945 पर्यंत बळानेच सोडवावयाचा. कर्नल होसबाख यांनी पाच दिवसांनी त्याचे इतिवृत्त लिहिले. ब्लोम्बर्ग, फ्रिच व नॉयराट यांनी शंका काढल्या. पण त्या ब्रिटन-फ्रान्सशी युद्ध जुंपण्याच्या धोक्याविषयी होत्या, परक्याची भूमी गिळण्याविषयी नव्हत्या. फेब्रुवारी 1938 च्या आरंभीच तिघेही पदावरून गेले होते.

म्हणूनच ‘उदयास्त’ हा शब्द आम्हांस खटकतो. सूर्य उगवतो तेव्हा कोणाची सही लागत नाही. येथे पावलोपावली टिपण होते, मसुदा होता, सही होती. दिवसभर फायलींवर शेरे लिहिणाऱ्या आम्हां मंडळींना असुराची कथा सोयीची वाटते, कारण तीत कारकून नसतो. ग्रंथ अवश्य वाचावा; मात्र वाचताना त्या इतिवृत्ताच्या बैठकीत आपणच बसलो आहोत असे समजून वाचावा.