ग्रंथ, स्वर आणि यंत्र

ग्रंथ नष्ट होतो म्हणजे नेमके काय होते? कागदाच्या ग्रंथापुरते या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. वाळवी लागते, पुराचे पाणी शिरते, पाने पिवळी पडून हातात तुकडे येतात. संगणकावरील ग्रंथाचे मरण निराळे. त्याचे एक अक्षरही झिजत नाही. तो जसाच्या तसा असतो. फक्त त्याला उघडणारा कोणी उरत नाही. मायक्रोसॉफ्ट कंपनीने २००० साली आपला ‘रीडर’ बाजारात आणला आणि त्याच्यासाठी ‘लिट’ नावाचा फाइलीचा एक खास प्रकार काढला. अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठाने त्याच वर्षी इंग्रजीतील शेकडो अभिजात ग्रंथ या रूपात विनामूल्य दिले. २०१२ साली कंपनीने तो रीडर बंद केला. अवघे बारा वर्षांचे आयुष्य! लाल फडक्यात नीट बांधून ठेवलेली पोथी याहून कितीतरी अधिक पावसाळे पाहते.

अशा अडगळीत पडलेल्या फाइलींना आता आवाज फुटू लागला आहे. इंटरनेटवरील एखाद्या रूपांतराच्या संकेतस्थळाकडे फाइल सोपवावी. ते तिचे वेष्टन सोडवते, आतला मजकूर वेगळा काढते आणि बोलक्या यंत्राच्या स्वाधीन करते. थोड्या वेळाने आपल्या हाती एमपी-३ ध्वनिफीत येते. फाइलीला विक्रेत्याचे कुलूप असेल तर हा उपाय चालत नाही. एरवी फारसे श्रम नाहीत. या सोयीचे कौतुक पुष्कळ झाले आहे आणि ते रास्तही आहे. पण माझ्यापुढचा प्रश्न सोयीचा नाही, साहित्याचा आहे. डोळ्यांसाठी रचलेली कृती या मार्गाने कानांत शिरते, तेव्हा ती तीच कृती राहते काय?

राहते, असे म्हणायला आपल्या समीक्षेत आधार सापडेल. मर्ढेकरांनी साहित्याच्या माध्यमाचा विचार करताना शब्दाच्या नादापेक्षा त्याच्या अर्थाला, आणि त्यातही भावनेशी निगडित अर्थाला, प्राधान्य दिले. ही भूमिका स्वीकारली तर आवाज कोणाचा, हा प्रश्न गौण ठरतो. अर्थ पोहोचला की कृती पोहोचली.

ही भूमिका पारखून पाहावी म्हणून मी लुइस कॅरलच्या ‘ॲलिस’ची एक जुनी लिट फाइल ध्वनिरूपात करून घेतली. या पुस्तकात उंदीर आपली कहाणी सांगतो. इंग्रजीत कहाणी आणि शेपूट या दोहोंचा उच्चार एकच, ‘टेल’. म्हणून ॲलिसच्या डोळ्यांपुढे कहाणीऐवजी शेपूट उभे राहते, आणि छापील पानावर ती कविता खरोखरच शेपटासारखी वळसे घेत, बारीक होत होत खाली उतरते. यंत्राने ती कविता सरळ वाचून टाकली. शेपूट गेले! परंतु गंमत अशी की, ज्या श्लेषावर हा सारा खेळ उभा आहे तो डोळ्यांपेक्षा कानांनाच अधिक सहज कळतो; कागदावर त्या दोन शब्दांची अक्षरे भिन्न आहेत, कानात भेद उरत नाही. म्हणजे रूपांतराने एक हाताने काढून घेतले आणि दुसऱ्या हाताने थोडे परतही केले. भाषांतराचा व्यवहार याहून फार वेगळा असतो असे नाही. या प्रकाराला मी ‘स्वरांतर’ म्हणेन, आणि भाषांतराला जो न्याय आपण लावतो तोच त्यालाही लावला पाहिजे असे माझे मत आहे.

यंत्राचा आवाज सपाट असतो, ही त्याच्याविरुद्धची नेहमीची तक्रार. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीचे ‘पण लक्षात कोण घेतो’ एवढे नावच घ्या. आघात ‘लक्षात’वर द्यावा की ‘कोण’वर? त्यात उद्वेग अधिक की थकवा? यंत्र हे चार शब्द आगगाडीच्या वेळापत्रकासारखे उच्चारते. तरीही ही तक्रार मला पूर्णपणे पटत नाही. छापील पान तरी कोठे आघात दाखवते? तेथे यमुनेचा स्वर वाचकच आपल्या मनात लावतो. नाटकी ढंगाने वाचणारा माणूस आपला अर्थ श्रोत्यावर लादतो. निर्विकार यंत्र निदान ती जागा मोकळी ठेवते. अनेक अंध वाचक यंत्राचा आवाज चांगल्या वेगाने पळवत ऐकतात, कारण त्यांना त्या आवाजाची मैफल नको असते. त्यांना पुस्तक हवे असते. सपाटपणा हा दोष खरा, पण तो सभ्य दोष आहे.

खरा दोष दुसरीकडे आहे, आणि तो मराठीत अधिक बोचतो. युनिकोड आपल्याकडे रुळण्यापूर्वी संगणकावर जे मराठी साहित्य टंकलिखित झाले, त्यातील फार मोठा भाग अशा फाँटांत आहे की, ज्यांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीच्या आकृत्या बसवल्या आहेत. पडद्यावर मराठी दिसते. फाइलीच्या पोटात असतात रोमन खुणा. असा मजकूर युनिकोडमध्ये उतरवून न घेता बोलक्या यंत्रापुढे ठेवला की ते निरर्थक रोमन अक्षरांची माळ ओढू लागते. डोळ्यांना फसवता आले. कानांना फसवता येत नाही.

मजकूर युनिकोडमध्ये असला तरी संकट टळत नाही. १९६२ साली शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि अनुच्चारित अनुस्वार गेले. त्यापूर्वीच्या छापील पुस्तकात ‘मनांत’ म्हणजे एकाच मनात, ‘घरांत’ म्हणजे एकाच घरात. यंत्राने तो अनुस्वार उच्चारला की एकाची अनेक मने होतात, एका घराची आळी होते! एकाच घराच्या चार भिंतींत कोंडलेल्या बाईची कथा ऐकताना हा फरक क्षुल्लक म्हणता येईल काय? ‘जरा’ शब्दाचेही तसेच. ‘जरा थांब’ मधला ज वेगळा, ‘जरा-मरण’ मधला वेगळा. मी वापरलेल्या यंत्राने दोन्ही ठिकाणी एकच ज उच्चारला आणि वार्धक्याला ‘थोडेसे’ करून टाकले. अर्थ पोहोचला की कृती पोहोचली, हे मान्य; परंतु येथे अर्थच वाटेत बदलतो आहे.

डोळस वाचकाला शंका आली तर तो पान उघडून पाहील. अंध वाचकाने काय करावे? त्याच्यापुरते ध्वनिरूप हेच पुस्तक आहे. २००९ साली ॲमेझॉनच्या किंडलला वाचून दाखवण्याची सोय जोडली गेली, तेव्हा अमेरिकेतील लेखकांच्या संघटनेने ध्वनिहक्काचा मुद्दा काढून आक्षेप घेतला. ॲमेझॉनने पुस्तकागणिक निर्णय हक्कधारकांवर सोपवला, आणि अंध वाचकांच्या संस्थांनी न्यूयॉर्कमध्ये निदर्शने केली. आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीने लेखाधिकार कायद्यात अपंग वाचकांसाठी सुलभ रूपांतराची मुभा मिळाली, आणि २०१४ मध्ये माराकेश कराराला मान्यता देणारा भारत हा पहिला देश ठरला. दार उघडले. त्या दारातून आत काय न्यायचे, हे मात्र कायदा सांगत नाही.

ते सांगणे संपादकाचे काम आहे. प्रथम मजकूर मृत फाइलीतून सोडवून टिकाऊ, खुल्या रूपात आणावा. कोविद गोयल यांनी २००६ साली सुरू केलेल्या आणि पुढे ‘कॅलिबर’ नावाने प्रसिद्ध झालेल्या विनामूल्य साधनाने लिट फाइलीही तशा उतरवता येतात. मग मूळ छापील प्रत शेजारी ठेवून तो ओळीने तपासावा. जुने लेखन जपणारी एक प्रत ठेवावी आणि उच्चाराला अनुसरणारी दुसरी केवळ यंत्रासाठी सिद्ध करावी. आवाज त्यानंतर. प्रोजेक्ट गुटेनबर्गने २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि एमआयटी यांच्या साहाय्याने सुमारे पाच हजार इंग्रजी ग्रंथ यंत्राकडून वाचून घेतले. पण त्यामागे १९७१ पासून जमवत आणलेल्या मजकुराची पुंजी होती. आपल्याला आवाजाची घाई झाली आहे, आणि पुंजी अजून मोजायचीच आहे.

यंत्र भावनाशून्य आहे म्हणून मी त्याला दोष देत नाही. भावना श्रोत्याजवळ पुरेशा असतात. त्याच्या कानावर पडणारा शब्द लेखकाने लिहिलेलाच असावा, एवढी हमी आपण त्याला द्यायला हवी.