पेल्यांची नावे आणि नाममुद्रेची वाढ

ज्या कॉफीला व्यापारात 'स्पेशालिटी कॉफी' म्हणतात, तिच्या धंद्याच्या वाढीची चर्चा बहुधा भांडवल, जागा आणि दुकानांची संख्या ह्यांच्या आधारे केली जाते. परंतु हा धंदा जितका पेयाचा, तितकाच शब्दांचाही आहे. पसारा वाढत असता नाममुद्रेचे स्वत्व टिकते की केवळ तिची शब्दकळा टिकते, हा प्रश्न भाषाभ्यासकानेही विचारावयास हवा. प्रस्तुत टिपणात 'स्टारबक्स'च्या उदाहरणावरून त्याचा विचार केला आहे.

1971 साली सिॲटल येथे निघालेले हे दुकान मूळचे भाजलेल्या बिया विकणारे. हॉवर्ड शुल्ट्झ ह्यांनी मिलानमधील एस्प्रेसोगृहे पाहिली आणि 1987 साली कंपनी विकत घेऊन तिला त्या धर्तीचे रूप दिले. पेल्यांची नावे ह्याच आकर्षणातून आली. आरंभी 'शॉर्ट' (8 औंस), 'टॉल' (12 औंस) आणि 'ग्रान्दे' (16 औंस) असे तीन पेले होते. पुढे 20 औंसांचा 'व्हेंती' आला. इटालियन भाषेत 'व्हेंती' म्हणजे वीस. 'शॉर्ट' फलकावरून उतरला आणि 'टॉल', म्हणजे उंच, हे तेथील सर्वांत लहान पेल्याचे नाव ठरले. चिन्हाचे मूल्य व्यवस्थेतील इतर चिन्हांवरून ठरते, ह्या सोस्यूरच्या सिद्धान्ताला ह्याहून सुबोध उदाहरण क्वचितच मिळेल. पेला तोच राहिला. त्याचे स्थान मात्र पालटले.

नाव यादृच्छिकच असते, मग बिघडले काय, असा आक्षेप येथे संभवतो. पण नाममुद्रेचा दावा नेमका उलट असतो. इटालियन नावामागे इटालियन रीत आहे, असे ती ग्राहकास सुचवीत असते. ती रीत ढळत चालल्याची कबुली खुद्द शुल्ट्झ ह्यांनी 2007 सालच्या अंतर्गत पत्रात दिली. स्वयंचलित यंत्रांनी वेग वाढला, पण कॉफी होताना पाहण्याचे सुख गेले. हवाबंद पिशव्यांनी ताजेपणा राखला, पण दुकानातला कॉफीचा वास नाहीसा झाला. 2008 च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील सुमारे 7,100 दुकाने काही तास बंद ठेवून सेवकांस एस्प्रेसोचे पुन्हा शिक्षण द्यावे लागले. 2011 साली तर बोधचिन्हातून कंपनीचे नावच वगळण्यात आले.

ऑक्टोबर 2012 मध्ये टाटा समूहाच्या समान भागीदारीत ही नाममुद्रा मुंबईच्या हॉर्निमन सर्कल येथे आली. भारतात वाढावयाचे तर पेला आणि किंमत दोन्ही लहान हवीत, हे ओळखून 2023 साली 6 औंसांचा पेला काढण्यात आला. धोरण म्हणून ते समंजसच होते. नाव ठेवले 'पिक्को'. त्यातून 'पिक्कोलो', म्हणजे लहान, हे सुचवावयाचे असावे. परंतु इटालियनमध्ये 'पिक्को' म्हणजे शिखर! ज्या शहरात अर्ध्या चहाला 'कटिंग' हा नेमका शब्द पिढ्यान्‌पिढ्या रुळलेला आहे, तेथे ही उसनवारी विशेष खटकते.

एस्प्रेसोची बी भारतीय, पिणारा भारतीय, आणि नाव मात्र इटलीतही न समजणारे. ह्या नाममुद्रेने ग्राहकाच्या खिशाचा विचार केला, त्याच्या भाषेचा केला नाही. तिची वाढ झाली हे खरे. तिचे स्वत्व मात्र आता केवळ फलकावरच्या शब्दांपुरते उरले आहे, असे म्हणावे लागते.