बहुश्रुत कोण, पल्लवग्राही कोण?

मित्रहो, प्रास्ताविकात माझा उल्लेख ‘बहुश्रुत आणि अष्टपैलू’ असा झाला. आभारी आहे. पण हे शब्द आपण फार सैल हातानं वापरतो, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

‘बहुश्रुत’ म्हणजे ज्यानं पुष्कळ ऐकलं आहे तो. विद्या कानानं मिळत होती, त्या काळातला हा शब्द. ऐकायचं तर समोर कुणीतरी जाणता हवा, हे त्यात गृहीत आहे. ‘हरहुन्नरी’ फारसीकडून आला. तो हाताच्या कसबाचा. ‘अष्टावधानी’ हा लक्ष ठेवण्याचा, एका वेळी आठ ठिकाणी. खोल ज्ञानाची हमी यातला एकही शब्द देत नाही. आपण मात्र सत्कारात नि मृत्युलेखात हे सगळे एकाच माणसावर ओततो.

आता दुसरी बाजू. ‘पल्लवग्राही’ म्हणजे कोवळी पालवी तेवढी खुडणारा, बुंध्यापर्यंत न जाणारा. बोलीत ‘दीडशहाणा’ आहे. गंमत बघा, शहाणपण कमी पडलं असं हा शब्द म्हणतच नाही; अर्धं जास्त झालंय म्हणतो! म्हणजे बोट ज्ञानावर नाही, तोऱ्यावर आहे.

रामदासांनी हेच फार नेमकं पकडलंय. दासबोधाच्या दुसऱ्या दशकातला दहावा समास पढतमूर्खाचा. हा पढतमूर्ख बहुश्रुत आहे, व्युत्पन्न आहे, हे ते आधी मान्य करतात. अडतं कुठे? दुराशेपाशी आणि अभिमानापाशी. म्हणजे बहुश्रुत असूनही माणूस मूर्ख असू शकतो.

मग पुष्कळ विषयांत शिरणं हाच दोष का? श्रीधर व्यंकटेश केतकरांकडे बघा. समाजशास्त्रज्ञ, कादंबरीकार आणि 23 खंडांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे संपादक. पण त्याआधी कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी जातिसंस्थेच्या इतिहासावर डॉक्टरेट केली होती; त्यांचं ते पुस्तक 1909 मध्ये आलं. एक विहीर पाणी लागेपर्यंत खणली होती. पाणी किती खोल असतं ते ठाऊक असलेला माणूस दुसऱ्याच्या विहिरीवर जपून बोलतो.

माझी तक्रार तज्ज्ञांविषयीही आहे. एखादा तरुण इतिहास वाचतो, थोडं भाषाशास्त्र वाचतो, एखादा प्रश्न विचारतो. आणि आपण त्याला ‘पल्लवग्राही’ म्हणून गप्प बसवतो. अहो, झाडाची ओळख पालवीपासूनच होते की! तो तिथेच थांबून वृक्षावर व्याख्यान देऊ लागला, तर जरूर टोका. तो विचारत असेल, तर त्याला बुंध्याकडची वाट दाखवा.

आणि माझ्यापुरतं सांगायचं, तर मी पुष्कळ ऐकलंय एवढं खरं. ‘अष्टपैलू’ तेवढं परत घ्या.

आता तुमचे प्रश्न घेऊ.